फोन येणार, येणार म्हणतात! थांबायचं की घ्यायचा? गणपतीला येणारा फोन दिवाळीला आला, त्या वेळचा हिशोब

सध्या आमच्या अमळनेर-पारोळा पट्ट्यात गावागावांच्या ग्रुपवर दोन मेसेज फिरत आहेत. पहिला मेसेज म्हणतो, रॅमचा तुटवडा झालाय, मोबाईल महागणार, आत्ताच घेऊन ठेवा. दुसरा म्हणतो, घाई करू नका, नवीन स्वस्त मॉडेल येतंय, फक्त नाव नोंदवून ठेवा. गंमत म्हणजे दोन्ही मेसेज एकाच माणसाने एकाच सकाळी टाकलेले असतात. आता वाचणाऱ्याने करायचं काय?

गेल्या पंधरवड्यात मला तिघांनी हेच विचारलं. एक जण सलूनमध्ये भेटला, एक कापूस मोजायला आलेला, आणि तिसरी माझी चुलत बहीण, तिच्या मुलाला बारावीला फोन पाहिजे. मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण २०२१ साली मी असंच उत्तर फटकन देऊन बसलो होतो, आणि ते चुकलं होतं.

तेव्हाची गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. २४ जून २०२१ ला रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी जिओफोन नेक्स्ट जाहीर केला. गुगलबरोबर मिळून बनवलेला, टचस्क्रीनचा, भारतातल्या ३० कोटी टू-जी वापरणाऱ्यांसाठी. तारीख पण सांगितली, गणेश चतुर्थी, १० सप्टेंबर. किंमत मात्र सांगितली नाही. किंमत न सांगितल्यामुळे ज्याच्या मनात आलं त्याने तो आकडा लावला. कोणी म्हणे साडेतीन हजार, कोणी म्हणे पाचशे रुपये भरा आणि घेऊन जा.

आमच्या शेजारचे आबा, वय साठच्या पुढे, तीन एकर कापूस. मुलगा सुरतला कामाला, घरातला एकुलता एक मोठा फोन त्याच्यासोबत गेलेला. घरी बटणाचा फोन आणि दहावीला गेलेली नात. जुलैमध्ये आबा मला म्हणाले, अमळनेरला जाऊन सहा-सात हजाराचा फोन घेतो. मी म्हटलं, आबा, थांबा. गणपतीला निम्म्या किमतीत येतोय, मी स्वतः बातमी वाचली. आबा थांबले. पत्रकार माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण नाही थांबणार.

मध्येच १५ ऑगस्टला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, ॲपवर टाकायचा, तरच सातबाऱ्यावर पीक लागणार. ॲप ॲण्ड्रॉइड फोनवरच चालणारं. ऑगस्ट संपता संपता चाळीसगावला तितूर-डोंगरीला पूर आला, कन्नड घाटात दरड कोसळली. ज्यांच्या शेतात पाणी शिरलं त्यांना पीक विम्यासाठी ७२ तासांच्या आत नुकसान कळवायचं होतं. ज्याच्या हाताशी मोठा फोन तो मोकळा झाला. बाकीचे टोल फ्री नंबर लावत बसले, नाहीतर दुसऱ्याच्या दारात उभे राहिले. पोळा झाला. गणपतीच्या आदल्या रात्री बातमी आली की फोन येत नाही. कंपनीने सांगितलं की थोड्या लोकांकडे देऊन चाचणी चालू आहे, जगभर सेमीकंडक्टरचा तुटवडा आहे, तर दिवाळीपर्यंत आणू.

आबा मला बांधावर भेटले. "भो, तो पोन कव्हय यी?"
मी म्हटलं, "दिवाईले यी म्हणतस, आबा."
"आनि मना कापूस कोन नोंदी?"

त्यांचा कापूस मीच माझ्या फोनवरून नोंदवला. एका मोबाईलवरून वीस खातेदारांची नोंद करता यायची, त्यामुळे ते जमलं. मुदतही पुढे वाढली. पण नातीचा अभ्यास काही मला माझ्या फोनवर नोंदवता आला नाही. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा ४ ऑक्टोबरला उघडल्या, तोपर्यंत ती मैत्रिणीकडे जाऊन तास बघायची. दोन महिने. ते माझ्या एका शब्दावर गेले, हे मला अजून बोचतं.

तुटवडा खरा होता का?

खरा होता. हे आधी सांगतो, कारण आपल्याकडे तुटवडा म्हटलं की लगेच "साठेबाजी" असा शब्द तोंडात येतो. आपली सवयही तशीच पडलीय. मे महिन्यात कपाशीच्या ठराविक वाणाची पिशवी कशी गायब होते आणि नंतर जादा पैशात कशी उगवते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पण चिपचं गणित थोडं वेगळं आहे.

चिप म्हणजे फोनचा मेंदू समजा. नखाएवढा तुकडा. तो बनवायचे कारखाने जगात मोजकेच, त्यातले सर्वात मोठे तैवानमध्ये. एक खेप तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात आणि नवा कारखाना उभा करायला दोन-तीन वर्षं. रावेर-यावलच्या माणसाला हे एका वाक्यात कळेल. केळीचा भाव आज वाढला म्हणून उद्या घड जास्त कापता येत नाहीत, गेल्या वर्षी लावली असेल तेवढीच केळी निघणार. चिपचंही तसंच.

२०२० ला कोरोना आला. गाड्या विकत नाहीत म्हणून वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्याच वेळी सगळं जग घरी बसलं आणि लॅपटॉप, टीव्ही, फोन यांची मागणी वाढली. कारखान्यांनी रिकामी झालेली जागा त्यांना दिली. सहा महिन्यांनी वाहन कंपन्या परत आल्या तर रांगेत जागाच नव्हती. वर संकटं आली ती वेगळीच. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ आलं, वीज गेली आणि तिथले चिपचे कारखाने काही आठवडे बंद राहिले. मार्चमध्ये जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या कारखान्याला आग लागली.

आणि तैवानमध्ये दुष्काळ पडला. हा भाग मला स्वतःला फार लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चिप धुवायला अतिशय शुद्ध पाणी लागतं आणि तेही प्रचंड. तैवानमध्ये २०२० ला एकही मोठं वादळ जमिनीवर आलं नाही, धरणं आटली. पन्नास वर्षांपेक्षा जास्त काळात असा दुष्काळ नव्हता म्हणतात. कारखान्यांना टँकरने पाणी नेलं. सरकारने ठरवलं की कारखाने चालू ठेवायचे आणि शेतीचं पाणी बंद करायचं. सिंचनाच्या जमिनीपैकी साधारण पाचव्या हिश्शाला, म्हणजे सुमारे ७४ हजार हेक्टरला, पाणी मिळालं नाही. भातशेतकऱ्यांना नुकसानभरपाई देऊन शेत पडीक ठेवायला सांगितलं. म्हणजे इकडे खान्देशातला शेतकरी ज्या चिपची वाट बघत होता, तिच्यासाठी तिकडच्या शेतकऱ्याचं आवर्तन बंद झालेलं. आवर्तन रद्द झाल्यावर काय वाटतं ते गिरणेच्या कालव्यावरच्या माणसाला विचारा.

आपल्याकडे याचा दणका मोटारींना उघड बसला. मारुतीने सप्टेंबर २०२१ मध्ये नेहमीच्या ४० टक्केच उत्पादन होईल असं आधीच जाहीर केलं होतं. तेव्हा फोनची कंपनी चिप नाही म्हणते ते बहाणा म्हणून सोडून देता येत नव्हतं. पण तेवढंच एक कारण होतं असंही नाही. कंपनीच्याच निवेदनात चाचणी चालू असल्याचं पहिल्यांदा होतं, तुटवडा त्यानंतर. माझ्या मते माल पूर्ण तयार नव्हता आणि तुटवडाही होता, दोन्ही खरं. मेसेज फिरवणाऱ्यांनी फक्त "तुटवडा" हा शब्द उचलला.

स्वस्त फोनलाच आधी फटका का?

कारखान्यात जागा कमी असली की ज्यात नफा जास्त तो माल आधी निघतो. चाळीस हजाराच्या फोनमध्ये चिप दोन पैसे महाग झाली तरी कंपनी ते पोटात घालते. सहा हजाराच्या फोनमध्ये तेवढी जागाच नसते. एक तर किंमत वाढवा, नाहीतर माल कमी काढा, नाहीतर तारीख पुढे ढकला. शिवाय स्वस्त फोनमध्ये जुन्या पद्धतीची चिप असते, आणि जुन्या पद्धतीचे नवे कारखाने कोणी हौसेने बांधत नाही. म्हणून "सर्वात स्वस्त, सर्वांसाठी" अशी जाहिरात झालेल्या फोनची तारीख हीच सर्वात कच्ची तारीख समजायची.

असो. फोन शेवटी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ४ नोव्हेंबरला आला. किंमत ६,४९९ रुपये. आबा जुलैमध्ये जेवढ्याचा घेणार होते, जवळपास तेवढीच! २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण, साडेपाच इंचाच्या आतबाहेरची स्क्रीन. फोन वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यात पानावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची आणि भाषांतराची सोय होती, ती आमच्याकडच्या काही म्हाताऱ्यांना आवडली. पण निम्म्या किमतीत येणार ही जी हवा होती, ती कंपनीने कधी सांगितलीच नव्हती. ती आपणच भरलेली.

हप्त्याचा हिशोब मात्र बघण्यासारखा आहे, कारण तसलेच हप्ते आजही दुकानादुकानात आहेत. सुरुवातीला १,९९९ भरायचे, ५०१ प्रक्रिया शुल्क, म्हणजे झाले २,५००. मग सर्वात कमी योजना २४ महिने ३०० रुपये, म्हणजे ७,२००. एकूण ९,७००. त्यात महिन्याला ५ जीबी नेट आणि १०० मिनिटं बोलणं. तो जादा पैसा सगळा व्याजात गेला असं नाही, रिचार्ज धरून होता. पण मुलीने दिवसाला दोन तास व्हिडिओवर अभ्यास केला तर ५ जीबी आठवडा-दहा दिवसांत संपणार, मग वरून रिचार्ज करा. रोज दीड जीबीची योजना घेतली तर ४५० रुपये २४ महिने, एकूण १३,३०० रुपये. जाहिरातीत दिसले ते १,९९९. दुकानात हप्त्याची गोष्ट निघाली की कागद घ्या आणि सुरुवातीची रक्कम, शुल्क आणि हप्ता गुणिले महिने, एवढं लिहा. दोन मिनिटं लागतात. आणि हेही विचारा की हप्ता चुकला तर फोन बंद पडतो का. हप्त्यावरच्या काही फोनमध्ये तसं कुलूप असतं, आणि नेमका कापूस विकला जात नाही त्या महिन्यात हप्ता चुकतो.

काही महिन्यांनी, २०२२ च्या मे महिन्यात, हाच फोन जुना चालू फोर-जी फोन दिला तर ४,४९९ ला मिळायला लागला. म्हणजे खरं थांबायचंच होतं तर बाजारात आल्यानंतर थांबायला पाहिजे होतं, येण्याआधी नाही.

आता आजचा रॅमचा तुटवडा. हाही खोटा नाही. फोनमधली मेमरी बनवणाऱ्या जगात मोठ्या कंपन्या तीनच, दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. एआयसाठी जी प्रचंड डेटा सेंटरं उभी राहतायत त्यांना महागडी मेमरी लागते आणि ते मागेल तो भाव देतात. म्हणून कारखाने तिकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल नावाने साध्या ग्राहकांना मेमरी विकायचा धंदाच बंद करणार असं जाहीर केलं. मेमरी महाग झाली की फोन महागतो, आणि स्वस्त फोनच्या किमतीत मेमरीचा वाटा मोठा असल्यामुळे तो टक्क्याने जास्त महागतो.

पण यात एक गोष्ट नीट समजून घ्या. तुटवडा म्हणजे दुकानात फोन नसणार असं नाही. २०२१ मध्ये पण जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फोनच फोन होते, नव्हता तो फक्त जाहिरातीतला. आता होईल ते असं की त्याच पैशात थोडा कमी फोन मिळेल. पूर्वी ६ जीबीचा यायचा तिथे ४ जीबीचा देतील, किंवा हजार-दोन हजार वाढतील. तेव्हा "आज नाही घेतला तर मिळणारच नाही" असं जो सांगतो तो तुम्हाला घाबरवतोय. आणि "थांबा, पुढच्या महिन्यात एकदम स्वस्त येतोय" असं सांगणाराही, या अशा वर्षात, हवेत बोलतोय.

माझ्या बहिणीला मी शेवटी हेच सांगितलं. काम अडलं असेल तर आजच्या भावात साधा फोन घे. अडलं नसेल तर जुना चालव, बॅटरी बदल, नुसत्या अफवेवर दहा हजार घालू नको. काम अडणं म्हणजे काय, तर मुलाचा अभ्यास, पीक पाहणी, किंवा २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायला कपास किसान ॲपवर नोंदणी लागली तसलं काही. पीक पाहणी एवढंच काम असेल तर त्यासाठी फोन घ्यायची पण गरज नाही, शेजाऱ्याच्या फोनवरून होते, नाहीतर तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी यांना विचारा.

नाव नोंदवा, पैसे भरा

थांबण्यात वेळ जातो, पण आगाऊ पैसे भरण्यात पैसेच जातात. फेब्रुवारी २०१६ आठवतं का? नोएडाच्या रिंगिंग बेल्स नावाच्या कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन जाहीर केला. फ्रीडम २५१. वेबसाइट पहिल्याच दिवशी आडवी झाली. आमच्या गावातल्या पोरांनी रात्री दोन-दोनला उठून बुकिंगचे प्रयत्न केले, मी त्यातलाच. बहुतेकांच्या हाती तो फोन कधी आलाच नाही, आणि वर्षभराने, फेब्रुवारी २०१७ मध्ये, एका वितरकाच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकाला अटक झाली.

खऱ्या कंपनीच्या खऱ्या बुकिंगमध्ये पण वाट बघावी लागतेच. २०१७ चा बटणाचा जिओफोन, १,५०० रुपये अनामत, त्यातले ५०० बुकिंगला. २४ ऑगस्टला बुकिंग उघडलं आणि गर्दीमुळे २६ तारखेला थांबवावं लागलं. फोन मिळाले, पण उशिराने. त्या मधल्या काळातच खोट्या लिंकवाल्यांचं फावतं. लोकांना फोन येणार हे माहीत असतं, कुठून येणार हे माहीत नसतं. मग "तुमचं नाव यादीत आलंय, फक्त ४९ रुपये भरून पक्कं करा" असा मेसेज येतो. ४९ रुपये जाऊ देत हो, पण त्या पानावर बँकेचा नंबर आणि ओटीपी दिला की मागे खातं रिकामं होतं.

लिंक नसली तरी फसायला होतं. माझ्या पुतण्याने एका तालुक्याच्या गावी दुकानात नव्या मॉडेलसाठी हजार रुपये दिले, पावती घेतली नाही. मॉडेल आलंच नाही. तीन फेऱ्यांनंतर हजाराच्या बदल्यात एक रिचार्ज, एक कव्हर आणि काचेचा कागद मिळाला. सगळे दुकानदार असे नसतात, पण पावती सगळ्यांकडून घ्यायची. त्यावर मॉडेलचं नाव, किंमत, कधीपर्यंत देणार आणि नाही दिला तर पैसे परत, एवढं लिहून घ्या. लिहायला जो का-कू करतो त्याला पैसे देऊ नका. दुकानाची तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३०, आणि तेही लगेच, त्याच तासात. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ म्हटलं की पैसे पुढे सरकलेले असतात.

नवीन महागला की जुन्या फोनचा बाजार तेजीत येतो. जुना घेताना स्टार हॅश शून्य सहा हॅश (*#०६#) दाबा, पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल. इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर मेसेज करा. फोनची कंपनी-मॉडेल काय ते उत्तर येतं. उत्तरात फोन बंद यादीत आहे किंवा नंबर डुप्लिकेट आहे असं आलं तर कितीही स्वस्त मिळू दे, हात लावू नका. चोरीचा निघाला तर फोन जातो, पैसे जातात आणि पोलीस ठाण्याच्या चकरा वेगळ्या.

आबांनी दिवाळीनंतर शेवटी दुसऱ्याच कंपनीचा फोन घेतला, रोख, धुळ्याहून, मुलगा सुरतहून आला तेव्हा. काच फुटलेली आहे, पण अजून चालतो. नात शिकून पुढे गेली, फोन आबांकडे राहिला. परवा त्यांनीच मला तो रॅमवाला मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "भो, आते काय कराणं?" मी त्यांना लिहिलं की तुमचा चालतोय ना, मग काही करू नका, फक्त बॅटरी फुगली असेल तर बदला. फुगली होती. साडेसहाशे रुपयांत बदलून झाली.